आवृत्ती आणि अंतर : काशीची अध्ययनपरंपरा आणि वैद्यकातील स्मरणाचा प्रश्न

१

२०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काशीच्या वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात अहिल्यानगरचे देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या वैदिकाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण पूर्ण केले. सुमारे २,००० मंत्र, ५० दिवस आणि सारे मुखोद्गत, असे या पारायणाचे स्वरूप होते. महाराष्ट्रातून काशीस येऊन तेथील विद्येत भर घालणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट (जन्म १५१३) आणि त्याच घराण्यातील, १६७४ च्या शिवराज्याभिषेकामुळे मराठी वाचकास सुपरिचित असलेले गागाभट्ट ही त्यांतील ठळक नावे. दंडक्रम पारायणाची वार्ता महाराष्ट्रात कौतुकाने वाचली गेली, ती या परंपरेच्या पार्श्वभूमीवर.

याच नगरीत १९१६ साली स्थापन झालेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६० साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व १९७१ साली त्याचे चिकित्साविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही विद्या या एकाच संस्थेच्या छत्राखाली शिकविल्या जातात. आजचा वैद्यकाचा विद्यार्थी, मग तो काशीतला असो, पुण्यातला असो की अन्य कोठला, शेकडो स्नायू, चेता, औषधे व त्यांची प्रमाणे स्मरणात ठेवण्यासाठी ज्या साधनाकडे वळू लागला आहे, त्यास ‘फ्लॅशकार्ड’ असे म्हणतात. एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर आणि ठरावीक, वाढत जाणाऱ्या अंतराने त्याची उजळणी, एवढेच त्याचे स्वरूप. या पद्धतीस मराठीत ‘अंतरयुक्त आवृत्ती’ म्हणता येईल.

वेदपाठी आणि वैद्यकाचा विद्यार्थी यांच्यापुढील प्रश्न वरकरणी एकच दिसतो. आज कळलेले उद्या, वर्षाने, दहा वर्षांनी हवे तेव्हा आठवेल याची शाश्वती काय? वैदिकाचे विस्मरण झाले तर संहितेत खंड पडतो. वैद्याचे झाले तर त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते. मराठी भाषेने या श्रमासाठी दोन शब्द ठेवले आहेत. ‘पाठांतर’ या शब्दात आदर आहे, ‘घोकंपट्टी’ या शब्दात तुच्छता आहे. एकाच क्रियेकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींमधील सीमारेषा नेमकी कोठे आखावयाची, हे पाहण्यासाठी काशीची परंपरा आणि स्मृतीचे आधुनिक शास्त्र ही दोन्ही शेजारी ठेवणे उपकारक ठरते.

२

विस्मरणाचे पहिले काटेकोर मापन जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने केले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील सर्व प्रयोगांचा विषय तो स्वतःच होता. निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करावयाच्या, काही काळ मध्ये जाऊ द्यावयाचा आणि मग त्याच माळा पुन्हा पाठ करण्यास किती श्रम कमी लागतात हे मोजावयाचे, अशी त्याची रीत होती. वीस मिनिटांनंतर मूळच्या श्रमांपैकी सुमारे ५८ टक्के वाचत; एका तासानंतर ४४, एका दिवसानंतर ३४ आणि एक महिन्यानंतर २१ टक्के. विस्मरण प्रथम वेगाने होते व पुढे मंदावते, हा त्याचा निष्कर्ष पुढील काळात वारंवार पडताळला गेला.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. बारा अक्षरांची माळ एकाच दिवशी ६८ वेळा म्हटल्याने दुसऱ्या दिवशी जो लाभ मिळे, तोच लाभ तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी मिळत असे. श्रम जवळजवळ निम्म्यावर आले. बदलले होते ते केवळ आवृत्त्यांमधील अंतर. स्मरणाच्या व्यवहारात मधला रिकामा काळही काम करीत असतो, ही गोष्ट येथे प्रथमच आकड्यांनी सिद्ध झाली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने एबिंगहाउसच्या रीतीकडे आणखी एका दृष्टीने पाहावयास हवे. निखळ स्मृती मोजता यावी म्हणून त्याने अर्थ, छंद, नाद आणि पूर्वपरिचय या साऱ्यांना प्रयोगाबाहेर ठेवले. भारतीय शास्त्रग्रंथांचे रचनाकार नेमके याच गोष्टींच्या आधाराने ग्रंथ रचीत होते. एबिंगहाउसलाही या आधाराचे बळ ठाऊक होते. बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातील कडवी पाठ करून त्याने तुलना केली, तेव्हा तेवढ्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांच्या मानाने श्रम सुमारे दशांशावर आले. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ पद्यात का रचले, याचे एक उत्तर या दशांशात आहे. १२० अध्यायांचे संपूर्ण वैद्यक छंदात बांधणे हा केवळ अलंकरणाचा हौशी प्रकार नव्हता. शिकणाऱ्याच्या श्रमांचा हिशेब त्यामागे होता.

३

अंतरयुक्त आवृत्तीला व्यवहारात आणण्याचे सुबोध साधन जर्मन लेखक झेबास्टियान लाइटनर याने १९७० च्या दशकात लोकप्रिय केले. पाच कप्प्यांची एक पेटी घ्यावी. सारी कार्डे पहिल्या कप्प्यात ठेवावी. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात सरकवावे, चुकले की ते पुन्हा पहिल्या कप्प्यात आणावे. पुढच्या कप्प्यांची पाळी उत्तरोत्तर अधिक दिवसांनी येते. त्यामुळे जे पक्के झाले त्यावर वेळ वाया जात नाही आणि जे निसटते ते वारंवार समोर येत राहते.

पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाक याने १९८७ साली हेच तत्त्व संगणकावर नेले. त्याच्या एका सुप्रसिद्ध गणिती रीतीनुसार पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी त्यानंतर सहा दिवसांनी होते. पुढील प्रत्येक अंतर मागच्या अंतरास एका गुणकाने गुणून ठरते. गुणक अडीच धरला तर सहानंतर पंधरा, मग सुमारे अडतीस, मग पंचाण्णव दिवस असे अंतर वाढत जाते. कार्ड अवघड वाटले तर गुणक उतरतो. २००६ साली डेमियन एल्म्स याने सुरू केलेल्या ‘ॲन्की’ या आज्ञावलीचा प्रसार वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत विशेष झाला. हे नाव जपानी असून त्याचा अर्थ ‘पाठांतर’ असाच आहे.

कार्डाचे सामर्थ्य केवळ अंतरात नाही. कार्ड प्रथम प्रश्न विचारते आणि उत्तर झाकून ठेवते. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहता पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते : ८१ टक्क्यांविरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात ५६ टक्के उरले, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच विद्यार्थी ज्ञान समजतो. घोकंपट्टीतील खरा दोष येथे सापडतो. घोकणारा मजकूर एका बैठकीत, अंतर न ठेवता म्हणतो आणि तो डोळ्यांसमोर असतानाच म्हणतो. आवृत्ती असते, पण तीत अंतर नसते आणि प्रश्नही नसतो.

४

या निकषावर वेदपाठाची परंपरा तपासली असता एक गोष्ट स्पष्ट होते. तीत दोन वेगळ्या हेतूंनी केलेल्या दोन प्रकारच्या आवृत्त्या आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये.

पहिली आवृत्ती विकृतिपाठांची. क्रमपाठात पदे दोन-दोन अशी साखळीने म्हटली जातात : पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे. जटापाठात प्रत्येक जोडी सरळ, उलट आणि पुन्हा सरळ येते. घनपाठात मधले प्रत्येक पद तेरा वेळा उच्चारले जाते. दंडपाठात पाठक एकेक पद पुढे जातो आणि प्रत्येक वेळी उलट क्रमाने आरंभापर्यंत मागे येतो. या आवृत्त्या लागोपाठ होतात. त्यांत अंतर नाही. त्यांचे मुख्य प्रयोजन शुद्धीचे आहे. पद गळले, स्वर चुकला, संधी बिघडला तर उलटसुलट गतीत तो दोष लपत नाही.

दुसरी आवृत्ती संथेची आणि पारायणाची. गुरूने संथा द्यावी, शिष्याने ती घ्यावी, दुसऱ्या दिवशी मागील संथा म्हणून दाखवावी, पुढे अध्याय संपल्यावर अध्यायाची आणि ग्रंथ संपल्यावर ग्रंथाची उजळणी करावी, असा हा क्रम आहे. येथे अंतर आपोआप वाढत जाते. स्मृती टिकविण्याचे काम ही दुसरी आवृत्ती करते. मराठीतील ‘एकसंथाग्राही’ हा विशेषणाचा गौरव अपवादाचा आहे. परंपरेची सारी व्यवस्था मात्र ज्यास एका संथेत येत नाही अशा सामान्य शिष्यासाठी उभारलेली आहे.

तरीही एक उणीव राहते. साखळीने पाठ केलेले साखळीनेच आठवते. मधल्या एखाद्या दुव्यावर नेऊन उभे केले तर अनेक पाठकांना मागे जाऊन सुरुवात करावी लागते. संहितेच्या रक्षणासाठी एवढे पुरते. शास्त्राच्या उपयोगासाठी पुरत नाही. याची जाणीव परंपरेलाही होती, हे शलाकापरीक्षेवरून दिसते. पोथीत शलाका, म्हणजे सळई, घालावयाची; जे पान निघेल तेथून विद्यार्थ्याने ग्रंथ म्हणावयाचा आणि त्याचे विवरण करावयाचे. मिथिलेच्या विद्यापीठात ही परीक्षा प्रसिद्ध होती आणि संस्कृत शास्त्रस्पर्धांत ‘शलाका’ हा प्रकार आजही चालू आहे. शलाका क्रम तोडते. कार्डांची चळत पिसून तोच परिणाम साधला जातो.

५

वैद्यकात क्रम तोडण्याची गरज अनिवार्य आहे, कारण रुग्ण अध्यायांच्या क्रमाने येत नाही. पण येथेच कार्डाची आणि पाठांतराचीही मर्यादा सुरू होते. तिचा विचार काशीशी परंपरेने जोडलेल्या ग्रंथातच आहे. ‘सुश्रुतसंहिते’च्या चौकटीनुसार काशिराज दिवोदास धन्वंतरी सुश्रुतादी शिष्यांना उपदेश करतात. या संहितेच्या सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय अध्ययनाची रीत सांगतो : पद, मग पाद, मग श्लोक असे क्रमाने जोडीत जावे. लगेच पुढच्या अध्यायात, अर्थ न जाणता अनेक शास्त्रे पाठ करणाऱ्याची तुलना चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाशी केली आहे. त्यास ओझे कळते, चंदन कळत नाही. पाठांतराचा विधी आणि पाठांतराचा उपहास हे दोन्ही एकाच ग्रंथात, लागोपाठच्या अध्यायांत यावेत, यात विसंगती नाही. पहिल्याशिवाय दुसऱ्याला आधार नाही आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याला प्रयोजन नाही.

संहिता येथेच थांबत नाही. केवळ ग्रंथ जाणणारा रुग्णासमोर गोंधळतो, केवळ हस्तकौशल्य असलेला शास्त्राबाहेर वागतो. दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे, असे तिचे म्हणणे आहे. म्हणून नवव्या अध्यायात हाताच्या अभ्यासाची साधने दिली आहेत. छेदनासाठी भोपळा, काकडी, कलिंगड. भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. वेधनासाठी कमळाचे देठ आणि मृत पशूंच्या शिरा. सीवनासाठी जाड-बारीक वस्त्र आणि मऊ चामडे. बंध बांधण्यासाठी पुतळी. यांतील एकही गोष्ट कार्डावर उतरविता येत नाही. टाका कोणता घालावा हे कार्ड विचारू शकते. तो कसा ओढावा हे बोटांनाच शिकावे लागते.

यापेक्षा गंभीर धोका असा की, स्मृती सत्याइतकीच निष्ठेने असत्याचेही जतन करते. चरकाच्या गणनेनुसार मानवी शरीरात ३६० अस्थी, सुश्रुताच्या गणनेनुसार ३००, तर आधुनिक शारीरशास्त्रानुसार प्रौढ माणसात २०६. हा भेद पुष्कळसा ‘अस्थी’ कशास म्हणावे यावरून पडतो. दात, नखे, कूर्चा यांची गणना करावी की नाही यावर आकडा अवलंबून राहतो. परंतु पाठ करणाऱ्यास तिन्ही आकडे सारख्याच सुलभतेने पाठ होतात. त्यांतील कोणता, कोणत्या व्याख्येने खरा, हे ठरविण्यासाठी पाठांतराबाहेर पडावे लागते. सुश्रुताने शारीरस्थानात मृतदेह सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, वाळ्याच्या वा केसांच्या कुंच्यांनी थर हळूहळू खरवडून प्रत्यक्ष पाहण्याचा विधी सांगितला, तो याचसाठी. अंतरयुक्त आवृत्तीची आज्ञावली चुकीचे कार्डही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या अंतराने, अचूक समोर आणील. चूक जितकी उत्तम पाठ, तितकी ती काढणे कठीण. आणि औषधाच्या प्रमाणाबाबत अशी चूक असेल तर तिचा परिणाम विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेपुरता राहत नाही.

म्हणून कार्ड दुसऱ्याकडून आयते घेण्यापेक्षा विषय समजून घेऊन स्वतः करणे हितावह. एका कार्डावर एकच प्रश्न असावा. चेहऱ्याच्या स्नायूंची कपालचेता कितवी, हा एक प्रश्न झाला. तिच्या घातामुळे दिसणारी लक्षणे हा दुसरा. उत्तर ‘सातवी’ असे झटकन आले तरी तोंड वाकडे झालेल्या रुग्णासमोर बसून तो आघात मेंदूतील की चेतेवरील हे ओळखणे, ही तिसरी आणि वेगळी विद्या आहे. तिच्यासाठी चरकाने विमानस्थानात ‘तद्विद्यसंभाषा’ सांगितली, म्हणजे त्याच विद्येच्या जाणत्यांशी वाद-संवाद. कार्ड ठरलेला प्रश्न विचारते. सहाध्यायी न ठरलेला विचारतो.

६

राहिला प्रश्न सवयीचा. अंतरयुक्त आवृत्तीचे सारे गणित एका गृहीतावर उभे आहे : विद्यार्थी रोज बसेल. चार दिवस चुकले की कार्डांचा ढीग साचतो, ढीग पाहून मन कचरते आणि साधन टाकून दिले जाते. सवय कशी जडते याचा लंडन येथील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ सहभागींच्या या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता. मात्र व्यक्तिपरत्वे ही मुदत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत जात होती. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यास विशेष बाधा येत नाही, असेही त्यात दिसले. सवयीला आधार लागतो तो ठरलेल्या वेळेचा, ठरलेल्या जागेचा किंवा आधीच रुजलेल्या एखाद्या कृतीचा.

चरकाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यास सांगितलेला दिनक्रम याच सूत्राचा आहे. पहाटे उठावे, आवश्यक आन्हिके उरकावी, सम आणि शुचि जागी सुखाने बसावे, मन लावून पाठ पुनःपुन्हा म्हणावा, अर्थात शिरून म्हणावा. दुपारी, तिसऱ्या प्रहरी व रात्रीही अभ्यास सोडू नये. महाराष्ट्रातील घरांत दिवेलागणीनंतर म्हटला जाणारा परवचा याच जातीचा. दिवा लागला की मुले बसत, पाढे आणि श्लोक म्हणत. दिवा हीच खूण. वेगळ्या निर्धाराची गरज पडत नसे.

विश्रांतीचाही विचार परंपरेने केला होता. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या असे अनध्यायाचे दिवस नेमलेले असत. पण मनुस्मृतीने नित्य स्वाध्यायाला अनध्यायाचे बंधन लावलेले नाही. आजच्या विद्यार्थ्यासाठी या भेदातून एक व्यवहार्य नियम निघतो. थकवा आला, परीक्षा किंवा रुग्णालयातील पाळी आली, तर नवी कार्डे थांबवावीत. जुन्या कार्डांची उजळणी, मग ती दहा मिनिटांची का होईना, थांबवू नये. नवीन संथेला सुटी असते, स्वाध्यायाला नसते.

७

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकास या साऱ्याचे महत्त्व कोणते? सूत्र, कारिका, निघंटू, पद्यबद्ध संहिता हे प्रकार आज छापील पानावर, डोळ्यांनी, एका बैठकीत वाचले जातात. तसे वाचले असता त्यांतील पुनरुक्ती कंटाळवाणी, याद्या रुक्ष आणि पद्य ओढूनताणून केलेले वाटते. ते ग्रंथ ज्या वाचनासाठी रचले गेले ते असे नव्हते. रोज थोडे, दिवसांच्या अंतराने, मुखाने आणि पोथी मिटून, अशा ग्रहणासाठी ते घडविलेले आहेत. वैद्यकग्रंथाचे साहित्यरूप समजून घ्यावयाचे तर शिष्याच्या स्मरणाची गती विचारात घ्यावी लागते.

मराठीत ‘आवृत्ती’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : पुन्हा म्हणणे, आणि पुस्तकाचे पुनर्मुद्रण. पहिल्या आवृत्तीने ग्रंथ माणसात राहत असे, दुसरीने तो कपाटात राहतो. मुद्रणाने पाठकाचे ओझे उतरविले, आणि मजकुराच्या रक्षणापुरते ते इष्टच झाले. मात्र वैद्याच्या बाबतीत ही अदलाबदल पुरी होऊ शकत नाही. मध्यरात्री आलेल्या रुग्णापाशी जे कामास येते, ते वैद्याच्या मुखात, हातात आणि विवेकात असलेलेच. कार्ड त्यांपैकी पहिल्याची सोय उत्तम करते. हातासाठी सुश्रुताचा भोपळा आणि शवागार, विवेकासाठी चरकाची संभाषा, ही व्यवस्था त्याच्या जोडीस असेल तर त्या उद्योगास पाठांतर म्हणावे. नसेल तर घोकंपट्टी हाच शब्द योग्य, मग ती कितीही काटेकोर अंतराने केलेली असो.